खेळातल्या मोटारीचा आवाज

(मोटारशर्यतीचे व्हिडिओ गेम तुम्ही पाहिले असतील, काहींनी खेळलेही असतील. त्यात मोटारीचे चित्र खरे वाटते, पण आवाज कधी कधी खोटा वाटतो. असे का होते, मोटारीचा आवाज कसा तयार होतो आणि खेळातला आवाज चांगला कसा करता येतो, हे या पाठात सांगितले आहे.)

सोलापूरहून धाराशिवकडे येणारी एस.टी. तुळजापूरच्या घाटाला लागली, की तिचा आवाज बदलतो. सपाट रस्त्यावर इंजिनाची एकसुरी घरघर चालू असते. चढ लागला, की ती घरघर जड होते आणि हळूहळू खालच्या सुरात येते. मग चालक गिअर बदलतो. क्षणभर आवाज थांबल्यासारखा वाटतो आणि इंजिन वरच्या सुरात गुरगुरू लागते. डोळे मिटून बसलेल्या प्रवाशालाही कळते, की चढ सुरू झाला. त्याला कोणी सांगितलेले नसते. कानांनीच त्याला खबर दिलेली असते.

गॅरेजमधला जुना मिस्त्री तर याच्याही पुढे जातो. गाडी दारात उभी राहते, तो बॉनेट न उघडताच क्षणभर ऐकतो आणि म्हणतो, "टॅपेट वाजतोय." त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो.

'आवाज' आणि 'खबर' हे दोन्ही शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. मोटारीच्या बाबतीत हे दोन शब्द अगदी जवळ येतात. मोटारीचा आवाज ही मोटारीची खबर असते. इंजिन किती वेगाने फिरते आहे, त्याच्यावर किती भार आहे, चाकांची रस्त्यावर पकड आहे की नाही, हे सगळे आवाजातून समजते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, की खेळातला आवाज कुठे बिघडतो तेही समजेल.

फटफटीची फटफट

प्रथम खऱ्या मोटारीचा आवाज कसा निर्माण होतो, ते पाहू या.

इंजिनात सिलिंडर असतो. त्यात दट्ट्या वरखाली होतो. पेट्रोल किंवा डिझेलचा सिलिंडरमध्ये स्फोट होतो आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. स्फोटानंतरचा गरम वायू सायलेन्सरच्या नळीतून झटक्याने बाहेर पडतो. हा प्रत्येक झटका म्हणजे आवाजाचा एक ठोका. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा स्फोट होतो.

आता थोडे गणित करू. बुलेट मोटारसायकलीला एकच सिलिंडर असतो. समजा, तिचे इंजिन मिनिटाला १,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला २० फेरे घेत आहे. दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला १० स्फोट. हे दहा ठोके आपल्या कानाला जवळजवळ सुटे सुटे ऐकू येतात. म्हणून बुलेट 'डुगडुग' करते. मोटारसायकलीला 'फटफटी' हे नाव तिच्या आवाजावरूनच मिळाले.

चार सिलिंडरच्या मोटारीचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला १०० स्फोट. इतके ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत. ते एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा एक सूर तयार होतो. सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. या मोटारीच्या सुराची वारंवारता १०० हर्ट्झ झाली. इंजिन ६,००० फेऱ्यांवर गेले, की ती २०० हर्ट्झ होते, म्हणजे सूर वर चढतो.

हे तुम्हाला सायकलवरही करून पाहता येईल. सायकल स्टँडवर लावा. जाड पुठ्ठ्याचा तुकडा मागच्या चाकाच्या तारांना लागेल असा धरा आणि पेडल हाताने फिरवा. बोटे मात्र तारांपासून आणि साखळीपासून दूर ठेवा. समजा, चाकाला ४० तारा आहेत. चार सेकंदांत एक फेरा झाला, तर सेकंदाला १० 'टक टक' ऐकू येतील. सेकंदाला दोन फेरे झाले, की ८० ठोके होतील आणि 'टक टक'चे 'फर्रर' होईल. सुट्या ठोक्यांचा सूर होताना तुम्ही स्वतः ऐकाल.

एकच आवाज ताणला तर

आता खेळाकडे वळू या.

१९८२ साली 'पोल पोझिशन' हा मोटारशर्यतीचा जपानी खेळ आला. त्या काळी खऱ्या मोटारीचा आवाज मुद्रित करून खेळात घालणे अवघड होते. का, ते एका हिशेबाने कळेल. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाचा आवाज साठवताना एका सेकंदात त्याचे ४४,१०० नमुने घेतात. एका नमुन्याला २ बाइट लागतात. म्हणजे एका सेकंदाला ८८,२०० बाइट झाले. त्याच वर्षी आलेल्या 'कमोडोर ६४' या घरगुती संगणकाची सगळी स्मृती ६५,५३६ बाइट होती. एका सेकंदाचा आवाजही तिच्यात मावला नसता! म्हणून त्या काळच्या खेळांत यंत्रातून निघणाऱ्या साध्या घूंऽऽ आवाजावर भागवावे लागे.

पुढे स्मृती वाढली. मग खऱ्या इंजिनाचा छोटासा आवाज मुद्रित करून तोच पुन्हा पुन्हा वाजवण्याची पद्धत आली. खेळातल्या मोटारीचा वेग वाढला, की तोच आवाज अधिक वेगाने वाजवायचा. सूर चढतो, काम भागते. पण कानाला ते पटत नाही.

याचे कारण समजण्यासाठी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, की कॅसेट जोरात फिरली तर काय व्हायचे. गाणाऱ्याचा आवाज चिरका, बाहुलीसारखा व्हायचा. मोटारीचेही तसेच होते. खऱ्या मोटारीत इंजिनाच्या ठोक्यांचा वेग वाढतो, पण सायलेन्सरची नळी, बॉनेटचा पत्रा आणि गाडीचा सांगाडा आहे तेवढाच राहतो. त्यांच्या आकारामुळे आवाजात जी घुमार येते, ती आपल्या जागीच राहते. आवाज नुसता ताणला, की ही घुमारसुद्धा सुरासोबत वर सरकते. मग मोठी दणकट मोटारही खेळण्यातल्या मोटारीसारखी वाटू लागते.

दुसरी उणीव त्याहून मोठी आहे. मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने घाट चढत असेल आणि तिसऱ्या गिअरमध्ये असेल, तर इंजिन जोर लावत असते. तीच मोटार त्याच वेगाने, त्याच गिअरमध्ये घाट उतरत असेल आणि चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला असेल, तर इंजिनाला भार नसतो. दोन्ही वेळा फेरे सारखेच, पण आवाज निराळे. चढताना तो भरीव आणि खरखरीत असतो; उतरताना पोकळ आणि सैल असतो. एकच आवाज ताणणाऱ्या खेळात हा फरक नाहीसा होतो. चढ आणि उतार सारखेच ऐकू येतात. म्हणजे आवाज असतो, पण खबर नसते.

'ग्रॅन टुरिस्मो' ही जपानी खेळमालिका १९९७ साली सुरू झाली. मोटारींचे रूप आणि चाल खऱ्यासारखी दाखवण्यासाठी ती जगभर गाजली. २०१० साली तिचा पाचवा भाग आला. त्यातले चित्र सुंदर होते, पण मोटारींचा आवाज व्हॅक्यूम क्लीनरसारखा येतो, अशी तक्रार अनेक खेळाडूंनी केली. २०१७ साली आलेल्या 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट'मध्ये या आवाजात चांगली सुधारणा झाली. चित्र कितीही देखणे असले, तरी कान फसत नाहीत, हे यावरून दिसते.

खेळाडूला आवाजाची जास्त गरज

इथे एक प्रश्न पडेल. खेळ तर डोळ्यांनी पाहून खेळायचा असतो. मग आवाजासाठी एवढी मेहनत कशाला?

खरा चालक मोटारीच्या आत बसलेला असतो. ब्रेक दाबला, की त्याचे अंग पुढे झुकते. वळणावर ते बाजूला ओढले जाते. रस्त्याचा खडबडीतपणा त्याला सीटमधून आणि स्टिअरिंगमधून जाणवतो. खेळाडूला यांतले बहुतेक काही मिळत नाही. तो खुर्चीवर स्थिर बसलेला असतो. त्याच्याकडे फक्त डोळे आणि कान असतात. डोळे पुढच्या वळणाकडे लागलेले असतात. म्हणून जी खबर चालकाला अंगाने मिळते, ती खेळाडूला कानाने द्यावी लागते.

टायरचाच आवाज घ्या. वळणावर वेग जास्त झाला, की टायर आधी हळू कुंई कुंई करतो. मग चर्रर आवाज येतो आणि पकड सुटते. हे बारीक टप्पे खेळात नीट ऐकू आले, तर खेळाडू वेळीच वेग कमी करतो. टायर सरळ शेवटचा 'चर्रर'च करू लागला, तर तोपर्यंत मोटार रस्त्याबाहेर गेलेली असते. खेळाडू हरतो आणि त्याला वाटते, की चूक आपली होती. खरे तर त्याला वेळेवर खबरच मिळालेली नसते.

आवाज चांगला कसा करतात?

पहिली पायरी ध्वनिमुद्रणाची. मोटार मोठ्या रुळांच्या यंत्रावर उभी करतात. चाके रुळांवर फिरतात, पण मोटार जागची हलत नाही. रुळांवर कमीजास्त भार देता येतो. एक मायक्रोफोन इंजिनाजवळ, एक सायलेन्सरच्या तोंडाशी आणि एक चालकाच्या कानाजवळ ठेवतात. मग १,००० फेरे, २,००० फेरे, ३,००० फेरे अशा प्रत्येक टप्प्यावर दोनदा मुद्रण करतात. एकदा ॲक्सिलरेटर दाबून आणि एकदा सोडून.

मोटारीचा आवाज शास्त्रीय पद्धतीने मोजण्याचे काम आपल्या महाराष्ट्रातही चालते. पुण्यात 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था आहे. ती १९६६ साली स्थापन झाली. तिथे आवाज शोषून घेणाऱ्या भिंतींची खास खोली आहे. तिच्यात आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. त्यामुळे फक्त मोटारीचाच आवाज मोजता येतो. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज मोजण्याचीही ठरलेली रीत आहे. मोटारीच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटर अंतरावर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर मायक्रोफोन ठेवतात. या मोजमापाचा हेतू गोंगाट मर्यादेत ठेवणे हा आहे. पण मायक्रोफोन कुठे ठेवला, इंजिनावर किती भार होता, याची काटेकोर नोंद इथेही लागते आणि खेळासाठी मुद्रण करतानाही लागते.

दुसरी पायरी जोडणीची. खेळातल्या मोटारीचे फेरे २,००० वरून ३,००० कडे जाऊ लागले, की पहिला आवाज हळूहळू कमी करतात आणि दुसरा हळूहळू वाढवतात. सांधा कानाला कळता कामा नये. दुसऱ्या एका पद्धतीत इंजिनाचा फेरे चढत जातानाचा लांब आवाज मुद्रित करून त्याचे अगदी बारीक तुकडे करतात. ज्या क्षणी जेवढे फेरे असतील, त्या फेऱ्यांचे तुकडे संगणक निवडतो आणि सलग जोडून वाजवतो. धान्याच्या दाण्यांसारखे हे तुकडे असतात. त्यामुळे आवाज फार ताणावा लागत नाही.

तिसरी पायरी जागेची. मैदानात दिलेली हाक विरून जाते. नळदुर्गच्या किल्ल्यातल्या दगडी खोलीत तीच घुमते. तसेच खेळातली मोटार बोगद्यात शिरली, की तिचा आवाज घुमायला हवा आणि बाहेर पडताच मोकळा व्हायला हवा. शेजारून जाणाऱ्या मोटारीचा सूर जवळ येताना चढतो आणि दूर जाताना उतरतो. मोटार सेकंदाला ३४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १२२ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिचा १०० हर्ट्झचा सूर येताना साधारण १११ आणि जाताना ९१ हर्ट्झ ऐकू येतो. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. महामार्गाच्या कडेला सुरक्षित अंतरावर उभे राहिलात, तर तो तुम्हाला कधीही ऐकता येईल.

चौथी पायरी निवडीची. शर्यतीत वीस मोटारी असतील आणि सगळ्यांचे इंजिन, टायर, वारा, प्रेक्षक हे एकदम मोठ्याने वाजले, तर नुसता कालवा होईल. म्हणून जवळच्या एकदोन मोटारी ठळक ठेवतात आणि बाकीच्या मागे सारतात. वेळही पाळावी लागते. बटण दाबल्यावर इंजिनाने लगेच उत्तर दिले पाहिजे. आवाजाला उशीर झाला, तर मोटार ऐकत नाही असे वाटू लागते.

तुमच्यापैकी पुष्कळजण मोबाइलवर खेळतात. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून १०० हर्ट्झसारखे खालचे सूर नीट निघतच नाहीत. इथे आपल्या कानाची एक खुबी उपयोगी पडते. इंजिनाच्या मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे सूरही असतात. हे वरचे सूर स्पष्ट ऐकवले, तर न वाजलेला खालचा सूर कान आपणहून भरून काढतो. म्हणून मोबाइलसाठी हे वरचे सूर मुद्दाम ठळक करतात.

मुकी मोटार

हे सगळे फक्त खेळापुरते आहे, असे समजू नका. आता रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या आहेत. १ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर (आता अहिल्यानगर) या मार्गावर एस.टी.ची 'शिवाई' ही विजेवर चालणारी बस सुरू झाली. विजेच्या गाडीत स्फोट होत नाहीत. त्यामुळे फटफट नाही आणि घरघरही नाही. प्रदूषणाच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. पण रस्ता ओलांडणाऱ्या अंध माणसाचा विचार करा. तो गाडी पाहत नाही, ऐकतो. हळू येणारी मुकी गाडी त्याला कळणार कशी?

म्हणून अशा गाड्यांना मुद्दाम आवाज देण्याचे नियम अनेक देशांनी केले. युरोपात १ जुलै २०२१ पासून विजेवर चालणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत असा आवाज असणे सक्तीचे झाले. ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत आणि मागे येताना तो वाजतो. त्यापुढे टायरचाच आवाज पुरेसा होतो. गाडीचा वेग वाढला, की या आवाजाचा सूरही चढला पाहिजे, असा नियम आहे. पाहा, खेळातला नियमच इथे आला! भारतातही सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशा नियमाचा मसुदा प्रसिद्ध केला. पुण्याजवळच्या चाकणला तयार होणाऱ्या महिंद्र कंपनीच्या विजेच्या मोटारी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांसमोर आल्या. त्यांच्यासाठी खास आवाज संगीतकार ए. आर. रहमान यांनी रचले आहेत.

म्हणजे मोटारीला आवाज देणे हा आता एक हुन्नर झाला आहे. त्यात विज्ञान लागते, गणित लागते आणि तयार कान लागतो. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचे शिक्षण मिळते. रसूल पूकुट्टी तिथेच शिकले आणि 'स्लमडॉग मिलियनेअर' या चित्रपटाच्या ध्वनीसाठी २००९ साली दोन सहकाऱ्यांसह त्यांना ऑस्कर मिळाले.

सुरुवात मात्र घरीही करता येते. 'ऑडॅसिटी' ही ध्वनीवर काम करण्याची मोफत संगणकप्रणाली आहे. सायकलचा 'फर्रर' मोबाइलवर मुद्रित करा, शाळेच्या संगणकावर तो दुप्पट वेगाने वाजवून पाहा. मग सायकल खरोखर दुप्पट वेगाने फिरवून पुन्हा मुद्रित करा. दोन्ही आवाज एकामागून एक ऐका. त्यांत फरक जाणवला, तर तो कोणता, हे आपल्या शब्दांत लिहा.

शब्दार्थ

दट्ट्या – सिलिंडरमध्ये वरखाली होणारा इंजिनाचा भाग, पिस्टन
कंपन – थरथर
घुमार – घुमणारा नाद
उणीव – कमतरता, कमी
कालवा – गोंगाट, शोर
सांधा – जोड
हुन्नर – हुनर, कसब
मसुदा – कच्चा लेख

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोटारसायकलीला 'फटफटी' हे नाव कशावरून मिळाले?
(आ) वारंवारता कशात मोजतात?

२. कारणे लिहा.
(अ) एकच आवाज वेगाने वाजवला, तर मोठी मोटार खेळण्यातली वाटते.
(आ) चालकापेक्षा खेळाडूला आवाजाची गरज जास्त असते.

३. चार सिलिंडरच्या मोटारीचे इंजिन मिनिटाला ४,५०० फेरे घेत आहे. तिच्या सुराची वारंवारता काढा.

४. डोळे मिटून पाच मिनिटे रस्त्याचे आवाज ऐका. कोणती वाहने गेली आणि ती तुम्ही कशी ओळखली, ते सात-आठ ओळींत लिहा.